पाइपावरची तुळस

सांगलीत आम्ही राहायला आलो तेव्हा ह्यांची नोकरी गटाराच्या कंपनीत होती. मालकाने साताऱ्यात संडासाची भांडी विकून धंदा सुरू केला होता. पुढे त्याला सांगलीत जमिनीखालून गटार टाकायचं काम मिळालं, म्हणून आम्हीही आलो. माहेरी वडूजला मी सांगायची, "हे पाण्याच्या कंपनीत आहेत." ते पहिलं खोटं.

गटारात विषारी हवा साठते. ती उंच निघून जावी म्हणून रस्त्याकडेला लोखंडी पाइप उभे करत. आमच्या दारातल्या पाइपाचा खालचा तुकडाच बसला होता, छातीइतका उंच. वरचे तुकडे यायचे होते. तोवर सगळा वास आमच्या घरात.

त्यातच नणंदेला बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला. ती आमच्याकडेच राहायची. सकाळी हे कामावर गेल्यावर मी एक गोणपाट पाइपात कोंबलं आणि काठीने खाली दाबलं. वर पत्र्याच्या डब्यातली तुळस ठेवली. मुलाची आई आत येताना तिथे थांबली, हात जोडले आणि म्हणाली, "जागा एवढीशी, पर तुळस हाय. घर चांगलं दिसतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न मात्र ठरलं.

पाहुणे गेल्यावर तुळस मी उचलली. गोणपाट खोल गेलं होतं, हाताला लागेना. उद्या आकडीने काढू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची टोळी आमच्याच दारात आली. पाइपाशेजारच्या गटाराच्या चेंबरमध्ये माती अडकली होती. आत उतरायचे ते माणचे एक वयस्कर गडी, सगळे त्यांना मामा म्हणत. उतरायच्या आधी पुढच्या-मागच्या चेंबरचं झाकण काढून ठेवायचं, भाकरी खाऊन होईतो थांबायचं, मग कंदील आत सोडून विझतो का बघायचं, अशी त्यांची रीत. चुलीपाशी बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"पुढचं झाकण काढू का, मामा?" ह्यांनी विचारलं.

"कशाला रं? हितं पाइप उघडाच हाय. हवा वडून घेतोय की."

"थांबायचं तरी?"

"तुझी बायको च्या करीस्तवर वर येतो बघ."

सगळे हसले. मी उठले, दारापर्यंत गेले. बाहेर पाच-सहा पुरुष आणि तेवढ्यात आलेले कंपनीचे साहेब उभे होते. त्यांच्यासमोर काय म्हणायचं, पाइपात मी गोणपाट कोंबलंय? वासाची लाज वाटली म्हणून? तोंडावर पदर धरून मी तिथेच उभी राहिले. कंदील खाली गेला, ज्योत नीट जळत होती. मग मामा कमरेला दोर बांधून उतरले.

त्यांनी माती उकरली तशी तिच्याखाली कोंडलेली हवा सुटली असावी, थोड्याच वेळात दोर ढिला पडला. "मामा! ओ मामा!" हे ओरडले. सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून काढलं. तोंड काळंनिळं पडलं होतं. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. गल्ली मोकळी झाल्यावर मी आकडीने गोणपाट काढलं आणि चुलीत घातलं. ओलं होतं, जळता जळेना.

मामा वाचले. साहेबांनी ह्यांना विचारलं, "दुसरं झाकण का नाही काढलंस?" हे म्हणाले, "चुकलं, साहेब." मामांनी नको म्हटलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. टोळीतून काढून ह्यांना पाइपांना डांबर लावायला बसवलं. घरी आले की ते हात घासत बसायचे. मी रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, नणंदेचं लग्न होऊ दे.

लग्न झालं. त्यानंतर मामा गावी निघाले. डोकं सारखं दुखायचं, काम जमत नव्हतं. जाताना आमच्याकडे आले. ह्यांनी त्यांचे पाय धरले.

"आरं, उठ गड्या. तुझा काय दोष? मीच न्हाई का म्हनालो, ऱ्हाऊ दे म्हनून?"

मी चहा पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "पोरी, लय ग्वाड झालाय गं. किती साखर घातलीस?"

गोणपाटाचं सांगायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात हे हसले, कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "डबाच उपडा केला असंल, मामा. तुमच्यावर लय जीव हाय तिचा."

ह्यांचं ते हसू मला मोडवेना. मी मान खाली घातली आणि भांड्यात उरलेला चहाही मामांच्या कपात ओतला.