कोरी बाजू बाहेर

कावीळ झालेल्या माणसाच्या गळ्यातली माळ लांब झाली, की कावीळ उतरली असं तुम्हीही मानता का? आम्ही मानलं. सहा आठवड्यांपूर्वी माझी शैलाआत्या मुंबईच्या रुग्णालयात वारली. आम्ही घरी परतलो तेव्हा ती माळ खुंटीवर तशीच लटकत होती...

आगरदांड्याच्या जेट्टीवर आत्याची चहाची टपरी. दिघीच्या बोटीसाठी थांबलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर एक पत्रक मिळायचं. कधी पाण्याचं, कधी मजुरीचं, कधी हुंड्याविरुद्धचं. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. पुढे पत्रकं लिहूही लागले. घडी घालताना अक्षरं बाहेर ठेवायची, हा तिचा नियम. "अक्षर दिसलं का मानूस थांबतो गो बाय," म्हणायची.

अशा बाईच्या गळ्यात माळ कशी? तिच्या सासूबाईंनी शेजारच्या गावातून आणून बांधली, औषधी काड्यांची. मी चिडले, तर आत्या हसली. "राहू दे. गल्यात हाय, पोटात न्हाय जात. म्हातारीला बरं वाटतं." मीही ती राहू दिली. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. दुसरं काही नाही. पण ती कमरेपर्यंत आली, तेव्हा आम्ही ती काढून खुंटीला अडकवली आणि निर्धास्त झालो. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. आत्याची तशी नव्हती.

एका दुपारी तिने सगळी पत्रकं उलटी दुमडली, कोरी बाजू बाहेर. "काय शैलावहिनी, आज मौनव्रत?" बोटीवरचा तांडेल म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. मग ती बाकावर बसल्या बसल्या झोपली...

सकाळी ती स्वतःच्या मुलालाच ओळखेना. नीलेशने तिला तडक मुंबईला नेलं, मी सोबत होते. यकृत बंद पडलं होतं आणि त्याचं विष मेंदूपर्यंत पोचलं होतं. "औषधाने भागणार नाही, यकृत बदलावं लागेल, तेही लगेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा नीलेश बाह्या सरसावून उभा राहिला. "माझ्यातला तुकडा घ्या." रक्तगट जुळला, तपासण्या भराभर सुरू झाल्या. पण संध्याकाळपर्यंत मेंदूची सूज इतकी वाढली, की शस्त्रक्रिया तिला सोसणार नव्हती.

"काल दुपारी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"संधी होती," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हातारीवर मला राग धरता येत नाही. पत्रकं लिहिणारी मी होते, आणि हसलेही मीच.

ती उलटी पत्रकं अजून टपरीतल्या डब्यात आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी आता लिहिते आहे: 'कावीळ झालेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अवेळी झोपू लागलं, नेहमीचं काम चुकू लागलं, तर हसू नका, थांबू नका. यकृत बदलण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला न्या.'

एवढा मजकूर कापून घ्या. तुमच्या गावात ज्या दारी माळ बांधतात, तिथे नेऊन द्या. घडी घालाल तेव्हा अक्षरं बाहेर ठेवा.