आण्णांच्या टेबलावरचा खो-खो

आण्णा गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. धाराशिवकडच्या वाशीला आमच्या विकास सोसायटीचं ऑफिस रस्त्याला लागूनच आहे. धाराशिवहून आलेली गाडी थांबली, ओळखीचा कंडक्टर खाली उतरून दारापर्यंत आला आणि म्हणाला, "सचिवसाहेब, तुमचे टेलर गेले. काल सांजच्याला माती बी झाली." एवढं सांगून तो घंटी मारून निघून गेला, गाडीला उशीर झाला होता. मी हातातला कागद तसाच धरून उभा राहिलो. शिपायानं विचारलं, कोण टेलर? काय सांगणार... कपडे शिवणारे टेलर, असंच सांगितलं.

याला आता दीड महिना झाला. काशिनाथआण्णा पेपरात नाव यावं असे कुणी नव्हते. धाराशिवला स्टँडच्या पाठीमागच्या गल्लीत त्यांचं एका खणाचं दुकान होतं, एक मशीन, एक कटाईचं टेबल आणि भिंतीला टेकून ठेवलेला बाक. मी तेर गावचा. कॉलेज सुटल्यावर गावाकडची गाडी मिळेपर्यंत तासभर हातात असायचा, तो मी त्या बाकावर काढायचो. माझ्यासारखे आणखी चारसहा होते. नावाला कपड्यांचं माप, पण खरं काम एकच, आमच्या कॉलेजच्या खो-खो संघावर वाद घालणं. कोण पळायला आधी हवा होता, कुणी खो उशिरा दिला, सरांचं डोकं कुठं गहाण पडलं होतं. यातल्या निम्म्यांनी जन्मात कधी खांबाला हात लावला नव्हता. आण्णा स्वतः तर दहाव्या वर्षापासून मशीनवर बसलेले, त्यांना चार पावलं पळायची सवय नव्हती. पण संघाच्या चड्ड्या तेच शिवायचे आणि त्या नात्यानं सगळा संघ आपलाच आहे असं धरून चालायचे.

त्यांची एक तऱ्हा होती. सामना झाला की दुसऱ्या दिवशी कटाईच्या टेबलावर तो पुन्हा खेळला जायचा. दोन टोकांना दोन रिळं उभी केली की झाले खांब. मधे कोटाच्या आठ काळ्या गुंड्या, एक या तोंडाची, एक त्या तोंडाची, असे बसलेले गडी. नववी गुंडी पाठलागावर, आणि शर्टाच्या तीन पांढऱ्या गुंड्या म्हणजे पळणारे. कालचा प्रत्येक खो आण्णांना पाठ असायचा. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण कोण कितव्या मिनिटाला कुठल्या खांबाजवळ बाद झाला, हे विचारावं तर त्यांनाच. गुंडी सरकवत म्हणायचे, "हितं बघ तेरकर. हितं त्यानं उजवीकडं वळायला पायजे होतं." मला ते कायम तेरकरच म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची शंका येते.

आमच्या वादात सगळ्यात जास्त मार खायचे ते वाघमारे सर. नळदुर्गचे, बौद्ध घरातले. त्यांच्या घरात पगाराची नोकरी करणारे ते पहिलेच. गळ्यात शिट्टी, अंगात पांढरी पँट, आणि तोंडात शब्द मोजकेच. मैदानाबाहेर कुणी संघाबद्दल विचारलं तर "बघू" म्हणून चालू लागायचे. जो माणूस उत्तर देत नाही त्याच्याबद्दल वाटेल ते बोलता येतं, आणि आम्ही बोलायचो.

मग बहात्तरचं साल आलं. तेरणा नदी कोरडी पडली, घराघरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आल्या, खेड्यांवरची पोरं कॉलेज सोडून दुष्काळी कामांवर गेली. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. अशा दिवसांत आमचा संघ त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचला, याचं आज नवल वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा आम्हाला तो आमचा हक्कच वाटत होता. कारण आमच्याकडं अंगद पाटील होता. वाशीकडच्या मोठ्या घरचा पोरगा, उंच, सडपातळ, आणि पळताना असा वळायचा की मागचा गडी खांबावरच आदळायचा.

त्या सामन्यात पहिल्या डावात अंगद पळाला आणि आम्ही पुढं होतो. शेवटच्या डावात सरांनी त्याला बसवलं. तो पायावर टॉवेल टाकून बाहेर बसला आणि त्याच्या जागी आला गौतम, सरांच्या नळदुर्गचा, त्यांच्याच समाजाचा, पहिल्या वर्षाचा पोरगा. गौतम मिनिटभरही टिकला नाही. आम्ही एका गुणानं हरलो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तो डाव आम्ही चार वेळा मांडला. गौतमची गुंडी उचलून अंगदची ठेवली की चारही वेळा आम्हीच जिंकायचो. आण्णांचा आवाज चढला, "धडधाकट माणूस बाहेर बसिवला. का बसिवला? ह्याचा जाब नको?" आमची संस्था चालवणारे अध्यक्ष तेव्हा सहकारी साखर कारखाना उभा करायच्या खटपटीत होते, गावोगाव हिंडत होते, लोकांचं बोलणं कानावर घेण्याचे त्यांचे दिवस होते. त्यांना अर्ज द्यायचं ठरलं. लिहिणारा मी. तोंडी बोलणं झालं होतं ते एवढंच की निवड चुकली, चौकशी व्हावी. पण लिहायला बसलो आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी लिहिलं, 'सर संघापेक्षा आपल्या माणसाला मोठं मानतात.' आपला माणूस म्हणजे काय, हे वाचणाऱ्या कुणालाही आमच्याकडं सांगावं लागत नव्हतं. मला ते वाक्य फार झोकदार वाटलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा आण्णांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "हे जरा जास्त व्हतंय का रं?" मी म्हटलं, "आण्णा, अर्जात धार लागते." त्यांनी पहिली सही केली.

पंधरा दिवसांत सरांची बदली झाली. संस्थेच्याच एका खेड्यातल्या शाळेवर, जिथं मैदानसुद्धा नव्हतं. आण्णांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. गौतम पुन्हा मैदानावर दिसला नाही. पुढच्या वर्षी नवे सर आले, संघ पहिल्याच फेरीत हरला, आणि आम्ही नव्या सरांवर तुटून पडलो.

खरं काय ते कळायला चार वर्षं गेली. अंगद लग्नाचे कपडे शिवायला दुकानात आला होता. योगायोगानं मीही होतो. आण्णा हौसेनं जुना डाव मांडायला लागले, बघ, तू असतास तर असं झालं असतं. अंगद टेबलाजवळ आला. मग त्यानं ती पांढरी गुंडी उचलली आणि म्हणाला, "आण्णा, हिला पाय कुठंयत?"

मग त्यानं सांगितलं. त्या दुष्काळात तो सुट्टीच्या दिवशी, सामना तोंडावर आला तरी, खडी फोडायला जात होता. आपल्या तालुक्यात नाही, लांब, तोंडाला फडकं बांधून, कुणी ओळखू नये म्हणून. घरात खायला नव्हतं आणि बहिणीची सोयरीक चालली होती. पाटलाचं घर खडी फोडतंय असं कळलं असतं तर पाहुणे उठून गेले असते. सामन्याआधी दोन दिवस दगडाची कपची तळपायात घुसली होती. पहिला डाव तो तसाच पळाला. डाव संपल्यावर सरांनी पाय बघितला, आतून पू येत होता. "सरांनी विचारलं, कशानं झालं. मी रडत सांगितलं आणि शपथ घातली. बहिणीचं जमूपर्यंत कुणाला सांगू नका म्हणलो. त्यांनी न्हाई सांगितलं. बदली झाली तरी न्हाई सांगितलं... आणि मी बी तोंड उघडलं न्हाई, आण्णा."

आण्णांनी गुंड्या गोळा करून डब्यात भरल्या. टेबलावरचा खो-खो त्या दिवशी संपला. वाद मात्र थांबले नाहीत, माणसं थोडीच बदलतात. पण पुढं दुकानात कुणी एखाद्या पोराला नावं ठेवायला लागला की आण्णा मशीन थांबवून विचारायचे, "त्यो सकाळी काय खाऊन आला व्हता, ठाऊक हाय का तुला? न्हाई ना? मग बस गप." नवी पोरं हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारा चक्रम आहे.

आण्णा नळदुर्गला जाऊ लागले ते तेव्हापासून. वाघमारे सर राहायला तिथंच होते. पहिल्या खेपेला आण्णांनी मला विचारलं, "येतो का? दोघं मिळून जाऊ." मी तेव्हा नुकताच सोसायटीवर लागलो होतो. म्हटलं, सभा आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सभाच सांगितली. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. परत आले की मी भीत भीत विचारायचो, काय म्हणाले सर? "काय म्हणत्यात... चहा घेतला, बसलो," एवढंच. मला हायसं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटायचं. आपल्या वाटणीचं आण्णा करून येतायत, असं मी मनाला समजावलं होतं. दरवर्षी एक माणूस एकटा बसमध्ये बसून जातो, आणि अर्ज लिहिणारा वाशीला खुर्चीत बसून राहतो.

आण्णांच्या चौदाव्याला मी धाराशिवला गेलो. काकूंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, एवढंच विचारलं, "नळदुर्गच्या सरांना कुणी कळिवलं का?" कुणीच कळवलं नव्हतं. मी म्हटलं, मी जातो. सबब सांगायला आता आण्णा नव्हते.

सर अंगणात बाजेवर बसले होते. केस पिकलेले, शिट्टी नाही, पण पँट पांढरीच. मी नाव सांगितलं. आण्णा गेले म्हणालो. त्यांनी सरकून बाजेवर मला जागा करून दिली. मग म्हणाले, "ह्या वर्षी आले न्हाईत, तेव्हाच वाटलं होतं." आतून पाणी आलं, चहा आला. कपातला चहा मी तसाच खाली ठेवला. शेवटी म्हटलं, "सर, तो अर्ज..."

"तो काशिनाथरावांनी लिहिला होता. पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांनी कबूल केलं. मी एकट्यानं लिहिला, बाकीच्यांना नुसत्या सह्या करायला लावल्या, असं म्हणाले. नंतर दर वर्षी तेच."

मी म्हटलं, "सर, आण्णांना सही सोडली तर लिहिता येत नव्हतं."

"ठाऊक आहे." सर शांतपणे म्हणाले. "अध्यक्षांनी तो अर्ज माझ्यासमोर ठेवला होता. संघाची यादी फळ्यावर तीन वर्षं कोण लिहायचं? तुझं अक्षर मला कळणार न्हाई व्हय?"

"मग तुम्ही आण्णांना बोलला का नाहीत?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "ते तुझ्यासाठी पळत होते. मी कशाला त्यांना बाद करू?"

मी त्यांच्या अंगणात बसून रडलो. चाळिशीकडं झुकलेला माणूस, सोसायटीचा सचिव, आणि सरांची नात दारातून बघत होती. मग जे बोलायला गेलो होतो ते बोललो. ते वाक्य माझं, आण्णांनी अडवलं होतं, मी ऐकलं नाही. सर म्हणाले, "मला सांगितलंस, झालं. माझी तर नुसती बदलीच झाली. गौतमनं खेळ सोडला. आपल्यामुळं सरांवर बालंट आलं असं त्याला अजून वाटतं." गौतम कुठं असतो, मला ठाऊक नाही. तो हा पेपर वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो, अर्जात 'आपला माणूस' लिहिणारा हात माझा होता. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खोटं आहे की खरं याची पर्वाही नव्हती. अर्ज मी लिहूनच दिला होता, म्हणून हेही लिहूनच देतोय.

उठलो तेव्हा सर स्टँडपर्यंत पोचवायला निघाले. दारात थांबून त्यांनी वाकून पँटचे दोन्ही पाय खालून दुमडून घेतले. माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाले, "दर खेपेला एक पँट शिवून आणायचे. माप कधी घेतलं न्हाई, नजरेनंच शिवायचे. ही मागच्या वर्षीची, दोन बोटं लांब झाली. त्यांची नजर कमी झाली असंल. पुढच्या खेपेला सांगू म्हणलं होतं."

मी म्हटलं, "सर, द्या माझ्याकडं. धाराशिवला कुणाकडनं तरी आखूड करून आणतो."

"नको," सर म्हणाले. "राहू दे तशीच."

आम्ही स्टँडकडं चालत राहिलो. वाटेत दुमड दोनदा सुटली. दोन्ही वेळा सर थांबले, वाकले, ती पुन्हा नीट बसवली आणि चालू लागले.