वाऱ्याच्या दुकानाचं नाव

त्यांना सगळे मोजेवाल्या काकू म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, बाई थंडीसाठी लोकरीचे मोजे विणत असतील. खरं म्हणजे पायातल्या मोज्याची टाच कशी वळवतात हेसुद्धा काकूंना ठाऊक नाही. त्या शिवतात तो मोजा विमानतळावर उंच खांबाला लावलेला असतो. केशरी कापडाचा, तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळता, दोन्हीकडून उघडा. वारा तोंडातून शिरला की तो फुगून आडवा होतो. वैमानिक वरून त्याच्याकडे बघतो, वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे हे ओळखतो आणि मगच विमान खाली आणतो. तसं पाहिलं तर शिवलेली एक नळी, पण ती खोटं बोलली की माणूस आपटतो.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या वर त्यांची लांबट खोली आहे. खालून ऑइलचा वास येतो, हातोडीचे ठोके येतात. खोलीत भिंतीएवढं टेबल, दोन शिलाई मशीन, कोपऱ्यात लोखंडी कड्यांची चळत आणि दारावर पाटी : ‘वाऱ्याचं दुकान’. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं. म्हातारा मोठा मिश्कील. “वारा फुकट मिळतो,” म्हणायचा, “आपण फक्त त्याला तोंड शिवून देतो.” पण कामाच्या बाबतीत त्याची मिश्किली पार आटायची. शिवून झालेला प्रत्येक मोजा तो बादलीत बुडवायचा, पाणी निथळतंय तोवरच खिडकीला टांगायचा आणि समोर टेबलफॅन लावायचा. मोजा उठला तर ठीक. नुसता लोंबत राहिला तर उसवून परत शिवायचा. “कोरडा मोजा कोणीही उडवेल. ओला उठला पाहिजे,” हे त्याचं वाक्य. सून म्हणून आलेल्या काकूंनी स्वयंपाकघराच्या आधी ही बादली ओळखीची करून घेतली.

धाकट्या दिराला शिवण काकूंनीच शिकवली. नवरा हिशोब आणि गिऱ्हाइकं बघायचा, ही दोघं समोरासमोरच्या मशीनवर बसायची. दीर हाताचा चलाख आणि बोलण्यात गोड. त्याच्यात दोष एकच, बादलीचा कंटाळा. नवरा गेला आणि वर्षभरात दिरानं नवं टुमणं लावलं. स्वस्त कापड घेऊ, शिलाई बाहेर देऊ, हे पाण्याचे खेळ कशाला? काकू नाही म्हणाल्या. शब्दानं शब्द वाढला. तो वेगळा झाला. जाताना त्यानं मशीन नेलं नाही, कापड नेलं नाही. नाव नेलं.

म्हणजे काय केलं, तर ‘वाऱ्याचं दुकान’ हे नाव त्यानं इंटरनेटवर स्वतःच्या नावे नोंदवलं. नावापुढे ‘डॉट कॉम’सारखं जे साधं शेपूट असतं, कोणालाही मिळणारं, ते लावून वेबसाइट उघडली. त्यावर दुकानाचा जुना पत्ता ठेवला, सासऱ्यांचा फोटो टाकला आणि फोन नंबर मात्र आपला. गिऱ्हाइकांना काय कळणार? लांबलांबचे विमानतळ तिथं ऑर्डर टाकू लागले आणि काकूंचं मशीन दुपार दुपार बंद राहू लागलं. कोणाकडे बोलायचीही सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

काकूंची लेक एका ऑफिसात कामाला आहे. तिनंच शोधून काढलं. एका संध्याकाळी लॅपटॉप टेबलावरच्या कापडात ठेवून म्हणाली, “आई, एक वेगळं शेपूट आहे. फक्त विमानवाल्यांसाठी राखून ठेवलेलं. विमान कंपन्या, विमानतळ, वैमानिक, विमानाचं सामान बनवणारे, एवढ्यांनाच मिळतं. आधी पुरावा मागतात, तपासतात, मग नाव देतात.”

“म्हणजे उद्या उठून कोणीही घेऊ शकत नाही?”

“नाही. तेच तर.”

काकूंना हे शेपूट फार आवडलं. बादलीसारखंच वाटलं त्यांना. आधी भिजवून बघणार, मग टांगणार. त्यांनी चष्मा पुसला. “भर. लगेच भर.”

लेक विचारत गेली, काकू सांगत गेल्या. एका रकान्यात विचारलं होतं, तुम्ही नेमकं काय बनवता? काकू म्हणाल्या, “मोजे. लिही, दोन पिढ्या आम्ही मोजे शिवतो.” लेकीनं लिहिलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून घरात दुसरा शब्दच नव्हता. मोजा फाटला, मोजे पोचले, मोज्याचं कापड संपलं. पायात घालायच्या वस्तूला या घरात ‘पायातले मोजे’ म्हणतात.

उत्तर अगदी सभ्य होतं. हा विभाग विमान क्षेत्रासाठी राखीव आहे, मोजे, हातमोजे आणि तत्सम कपड्यांच्या उत्पादकांनी कृपया अन्य पर्याय निवडावा. आपल्या व्यवसायास शुभेच्छा.

लेक आधी हसली. हसता हसता तिनं आईकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. “इतकी वर्षं त्यांच्या खांबावर चढलोय आपण,” त्या म्हणाल्या, “आणि आपण त्यांचे कोणी नाही?” अपमान झाला होता, आणि तो करणाऱ्याचा काही दोष नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

आता पुन्हा अर्ज करायचा तर पुरावा म्हणून एखाद्या विमानतळाचं पत्र हवं होतं. शहराबाहेर एक छोटा विमानतळ आहे, तिथं शिकाऊ वैमानिक विमान चालवायला शिकतात. तिथले व्यवस्थापक काकूंना कित्येक वर्षं ओळखत होते. काकू बसनं गेल्या. एरवी काकूंना पाहिलं की व्यवस्थापक लांबूनच “आला वारा!” म्हणून ओरडायचे. आज त्यांनी खुर्ची दाखवली आणि दार लावून घेतलं.

“तुम्ही याल असं वाटलंच होतं,” ते म्हणाले. “बातमी कळली ना?”

काकूंना कसलीच बातमी नव्हती. ती व्यवस्थापकांनी सांगितली. मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर एक शिकाऊ मुलगी एकटीच विमान घेऊन उतरत होती. वरून तिनं मोजा पाहिला, तो खाली लोंबत होता. वारा नाही असं समजून ती उतरायला लागली. वारा होता, चांगला आडवा होता. विमान धावपट्टीवरून घसरून खड्ड्यात गेलं. मुलगी वाचली, पण उजवा हात कोपरापाशी दोन ठिकाणी मोडला होता.

“मोजा तुमचा होता, काकू.”

“मी तुम्हाला दोन वर्षांत मोजा दिलेला नाही.”

“तुमच्या वेबसाइटवरून मागवला होता.”

त्यांनी कपाटातून मोजा काढून समोर ठेवला. काकूंनी तो उचलला. आज इतक्या दिवसांनीही कापडाच्या घड्यांत ओल होती. बोळा केल्यासारखं जड कापड. तोंडाशी पट्टी, पट्टीवर सासऱ्यांच्या अक्षरात छापलेलं ‘वाऱ्याचं दुकान’. शिलाई कोणाचीही असो, या मोज्यानं बादली पाहिली नव्हती हे त्यांना हात लावताच कळलं. पत्राचं नाव काढायची त्यांना हिंमत झाली नाही.

घरचं झालं थोडं, तसं अपघाताची चौकशी करणाऱ्यांचं बोलावणंही काकूंच्याच पत्त्यावर आलं. वेबसाइटवर पत्ता त्यांचाच ना!

आणि त्याच संध्याकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. दीर दारात उभा. दाढी वाढलेली, हातात फळांची पिशवी, जणू आजाऱ्याला भेटायला आलाय. काकूंनी त्याला आत घेतलं. काय करणार, सवय. त्याच्या जुन्या मशीनसमोरच्या स्टुलावर तो बसला.

“वहिनी, चुकलं माझं.”

“ती मुलगी कशी आहे, विचारलंस का?”

त्यानं फळांची पिशवी टेबलावर ठेवली. मग हळूहळू मुद्द्यावर आला. “तुम्ही फक्त म्हणा, मोजा आमचा. तुमचं इतक्या वर्षांचं काम चोख आहे. एकदा चूक झाली म्हणून ताकीद देतील, सोडून देतील. माझं नाव आलं तर माझं दुकान बंद पडेल. पोरं लहान आहेत, वहिनी.” आणि मग, गोड बोलणाऱ्यानं शेवटी राखून ठेवलेला घास काढावा तसं, “नाव देतो परत. वेबसाइट, ऑर्डरी, सगळं. उद्याच तुमच्या नावे करतो.”

खाली गॅरेजात कोणीतरी गाडी सुरू करून पाहत होतं, ती सुरू होत नव्हती. ज्या नावासाठी त्या झुरल्या ते नाव टेबलावर येऊन पडलं होतं. नुसती मान हलवायची. खोटं म्हणावं तर फार खोटंही नव्हतं. नाव तर त्यांचंच होतं, आणि समोर बसलेल्या या माणसाला टाका घालायला त्यांनीच शिकवलं होतं.

“तुला बादलीचा कंटाळा होता,” त्या अखेर म्हणाल्या, “मी तेव्हाच कान धरायला हवा होता. ते माझं. पण हा मोजा मी शिवलेला नाही. तो माझा म्हटला, तर उद्या माझा मोजा खांबावर पाहून कोण उतरेल?”

“म्हणजे मला बुडवणार तुम्ही.”

“खरं सांगणार.”

तो उठला. दारात म्हणाला, “दादा असता तर असं झालं नसतं.” हे वाक्य कुठं लागेल ते त्याला नीट माहीत होतं. फळांची पिशवी तो टेबलावर विसरला. काकूंनी ती गॅरेजातल्या माणसांना देऊन टाकली आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

चौकशीत त्यांनी सांगितलं ते असं : मोजा दिरानं विकला, नाव आमच्या दुकानाचं, दिराला काम शिकवलं मी. साहेबानं विचारलं, शेवटचं वाक्य लिहायलाच हवं का? काकू म्हणाल्या, लिहा. चौकशी झाली, दिराची वेबसाइट बंद झाली, त्याच्या दुकानाला कुलूप लागलं. तो बोलायचा बंद झाला. जाऊ रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाते. बरोबर वागूनही आपण गुन्हेगारासारखे का चालतो, हे काकूंना कळत नाही.

व्यवस्थापकांनी मग आपणहून पत्र पाठवलं. विमानतळाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. लेकीनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. पत्रात लिहिलं होतं, ‘या बाई आमच्या विमानतळाला अनेक वर्षे उत्तम मोजे पुरवत आल्या आहेत.’

“आई, पुन्हा मोजे! दुसरं पत्र मागू या.”

“असू दे. पाठव तसंच.”

“पुन्हा नाही म्हणतील.”

“विमानवाले असतील तर कळेल त्यांना. नसतील, तर त्यांचं शेपूट घेऊन मी काय करू?”

त्यांना कळलं. या वेळी उत्तर दुसऱ्याच माणसाचं होतं आणि दोनच ओळींचं होतं. नाव मंजूर. ‘वाऱ्याचं दुकान’, पुढे विमानवाल्यांचं राखीव शेपूट. लेकीनं आजोबांचा फोटो लावला, खरा नंबर टाकला. गॅरेजातून चहा मागवला. काकू पडद्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होत्या. आनंद व्हायला हवा होता, तो येऊन दारातच उभा राहिल्यासारखा वाटत होता.

नव्या नावावर पहिला निरोप आला तो ऑर्डरीचा नव्हता. लेकीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

‘मी त्या शिकाऊ मुलीची आई. वाऱ्याचं दुकान शोधलं, तर तुमचं नाव आलं. हात अजून सरळ होत नाही. ती म्हणते, चूक माझीच, मला वारा वाचता आला नाही. रात्री झोपेतसुद्धा तेच म्हणते. मला भांडायचं नाही. फक्त एवढं विचारायचं आहे, तो मोजा तुमचाच का?’

खोलीत टेबलफॅन चालू होता. खिडकीला सकाळी शिवलेला मोजा टांगलेला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

“मी लिहिते, आई,” लेक घाईघाईनं म्हणाली. “चौकशीत सिद्ध झालंय. तो आपला नव्हता, नाव वापरलं होतं. त्याची प्रतही जोडते.”

तिची बोटं चालायला लागली. काकूंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. साहेबापुढे ‘माझा नाही’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली नव्हती. या बाईला तेच लिहायचं, तर ते खरं असूनही खरं वाटेना. पट्टीवर नाव होतं. ते पाहूनच तर तो मोजा खांबावर चढला होता.

“काही लिहू नकोस,” त्या म्हणाल्या. “पत्ता विचार फक्त.”

“कशाला?”

काकू उठल्या. खिडकीतला मोजा त्यांनी काढला, पिळला नाही, तसाच निथळता प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मग वाकून टेबलफॅनची पिन काढली आणि वायर गुंडाळायला लागल्या.

“त्या पोरीला दाखवते,” त्या म्हणाल्या. “खरा मोजा ओला असला तरी उठतो. वारा तिला वाचता येत होता.”