राखायला पोरगी फुकट

आष्टीच्या बाजारात दलालानं आधी आमच्या बोकडाच्या बरगड्यांत काठी टोचली. मग तीच काठी माझ्या बरगड्यांत टोचली.

"बोकड भरलाय," तो म्हणाला. "पोरीवर मातर काईच न्हाई."

भोवतीची माणसं हसली. मी अकरा वर्षांची. बोकडाचा दोर माझ्या हातात. शेजारी माय उभी होती. तीही हसली.

दलाल म्हणजे आमच्याच गावचे अण्णा. साठ एकरांचे मालक. त्यांच्याच बांधावर मी शेरडं चारायचे. आमच्या वस्तीतलं जनावर त्यांच्याच हातून विकायचं, असा रिवाज होता. दुसऱ्याला विकलं की दुसऱ्या दिवशी बांध बंद.

भाव टॉवेलाखाली ठरायचा. अण्णांचा हात आणि व्यापाऱ्याचा हात टॉवेलाखाली, बोटांनी बोटं दाबायची, वर नुसते चेहरे. मायचा हात त्या टॉवेलाखाली कधी गेला नाही. आमचा हात हातात धरून कोण बाटणार? जनावर आमचं, बोटं त्यांची.

व्यापारी नगरकडचा होता. त्यानं सहज विचारलं, "पोसायला काय खर्च आला, बाई?"

मायनं तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. "खर्च कसला आलाय रं? चारा फुकट, पानी फुकट, राखायला पोरगी फुकट."

टॉवेल निघाला. भाव ठरला होता. अण्णांनी नोटा वरूनच मायच्या पदरात टाकल्या.

चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. माय म्हणाली होती, "बोकड चांगला गेला तर चार महिन्याची ज्वारी भरू. मंग मला रोजानं जायला लागनार न्हाई. शेरडं मी बघते, तू पाचवीत बस." ज्वारी दोन महिन्यांचीच आली. मी पाचवीत बसले नाही.

फुकट. हा शब्द मी बरीच वर्षं तपासला. चारा फुकट म्हणजे काय, तर एका शेळीनं अण्णांच्या तुरीचे शेंडे खाल्ले म्हणून मी आठ दिवस त्यांचा गोठा झाडला. सुगी झाली की आमची शेरडं ते आपल्या रानात बसवून घेत. लेंडी त्यांच्या मातीत, मोबदला काही नाही. पाणी फुकट म्हणजे उन्हाळ्यात आडावरून दोन खेपा, पायात काही नाही. आणि तिसरं फुकट मी.

लग्न गावातच झालं. त्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या तलावावर माती वाहायला गेले. मुकादमानं हजेरीपटावर माझं नाव लिहिलं. आठवड्यानं दिवस मोजून मजुरी दिली. मी ते पैसे कितीतरी वेळ हातात धरून बसले. माझ्या उन्हातल्या दिवसाला किंमत असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी एक काम सुरू केलं. शेरडं राखलेल्या प्रत्येक दिवसाचा एक चिंचोका मडक्यात टाकायचा. जावा हसायच्या. "हिनं चिंचंचं दुकान काढलंय," म्हणायच्या.

तेव्हा बातम्यांत सांगत, देशाचा बाजार खुला झाला. रस्त्यावर धाबे वाढले. आष्टीत मटणाच्या दुकानावरच्या पाटीवरचा आकडा दरवर्षी पुसून नवा लिहीत. आमचा भाव मात्र टॉवेलाखालीच राहिला.

चौदा महिन्यांचा बोकड घेऊन मी बाजारात गेले तेव्हा मडक्यात त्याच्या जन्मापासूनचे चारशे बारा चिंचोके होते. माय तोवर गेली होती. माझी मुलगी सहा वर्षांची, माझा पदर धरून बरोबर आली होती. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. घरी नवरा म्हणाला होता, "बोकडाचं कमी आलं तर मी बी ऊसतोडीला जातो, तू बी चल. शेरडं पोरीकडं."

हिशेब मी आदल्या दिवशीच केला होता. प्रामाणिकपणे केला. कळपात सहा जनावरं, म्हणून दिवसाच्या मजुरीचा सहावा हिस्साच या बोकडावर धरला. तरी नुसती राखणच गेल्या बाजारात अण्णांनी अशाच बोकडाला काढलेल्या भावापेक्षा जास्त भरली. औषध, मीठ, मेलेली दोन करडं त्यात धरलीच नव्हती.

अण्णा म्हातारे झाले होते. काठी तीच असावी, मला तरी तशी वाटली. त्यांना ती अकरा वर्षांची पोरगी आठवत नव्हती. त्यांनी बोकडाच्या बरगड्या टोचल्या, व्यापाऱ्यापुढं टॉवेल धरला, आणि काठी माझ्या मुलीकडं वळवली.

"राखायला आता ही झाली की. म्हंजी फुडचा बी फुकट."

काठी तिच्या अंगाला लागायच्या आत मी धरली.

"काठी सोड," अण्णा म्हणाले.

"टॉवेल काढा, अण्णा. भाव उघडा बोला. चारशे बारा दिस राखलाय म्या. तेवढे दिस आधी धरा."

"लई शानी झालीस का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बोकडाला पेन्शन लावा की, अण्णा!"

सगळा बाजार हसला. मला मायचं हसू आठवलं. बोकड विकला जावा म्हणून ती हसली होती, हे मला तिथं, काठी हातात असताना कळलं. मी हसले नाही. काठी खाली टाकली, दोर धरला, मुलीला घेतलं आणि नऊ किलोमीटर चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी बांध बंद झाला. खोटं सांगणार नाही, तो बोकड पुढं दुसऱ्या बाजारात अण्णांच्या त्या आधीच्या भावापेक्षाही पन्नास रुपये कमीनंच गेला. दोन शेळ्याही विकल्या. नवरा एकटा तोडीला गेला. उरलेली जनावरं मी सडकेच्या कडेनं राखली. मुलगी जूनमध्ये शाळेत गेली.

आज मटणाच्या दुकानापुढून जाताना पाटीवरचा आकडा वाचते. त्यात टेम्पोचं डिझेल असतं, दुकानाचं भाडं असतं, दलाली असते. माझी पाचवी त्यात नाही. ती कुणीतरी खाल्ली, आणि तिचे पैसे दिले नाहीत. असं मनात आलं की डाव्या बरगडीत काठी टोचते. तीस वर्षं झाली, जागा बदललेली नाही.

दारात व्यापारी येतो. मी आधी राखणीचे दिवस सांगते, मग जनावर दाखवते. तो हसतो. मी त्याचं हसणं संपेपर्यंत थांबते. दोर माझ्या हातात असतो. दिवस धरल्याशिवाय तो सुटत नाही, आणि माझ्या मुलीच्या हातात तो कधी जाणार नाही.