रेहानाचा दुसरा फ्लास्क

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच पेशींना खाऊ घालत होते. इंदुरी गावाहून तिचा भाऊ बोलत होता, आणि माझ्या हातातल्या फ्लास्कमध्ये, गुलाबी पोषणद्रवात, तिच्या गाठीतल्या पेशी मजेत वाढत होत्या. तरी काम पुरं केलं, अर्धवट सोडलेलं तिला खपायचं नाही.

तळेगावच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी अकरा वर्षं शेजारी बसलो. मी चिडकी, ती खोडकर. पेशींचं उबदार कपाट, म्हणजे इनक्युबेटर, उघडण्याआधी ती दारावर दोनदा टकटक करायची. "आत मंडळी कामात असतील गं," म्हणायची. मी वैतागायचे. आमचा विषय एकच, पेशीतलं राखणदार प्रथिन. पेशी बेताल वाढायला लागली की ते तिला थांबवतं, नाहीच ऐकलं तर मरायला लावतं. पण एकट्याने त्याचं काही चालत नाही. "वडगावच्या कचेरीत साहेबांची सही झाली म्हणून काय झालं?" रेहाना नव्या मुलांना समजवायची. "कारकुनाने शिक्का मारल्याशिवाय कागद हलतो का?" तो कारकून म्हणजे सहप्रेरक प्रथिन. राखणदाराच्या जोडीला येऊन ते बंद जनुकं उघडतं, तेव्हा कुठे हुकूम सुटतो.

तिला स्वतःलाच गाठ निघाली तेव्हा रीतसर परवानग्या काढून तिने त्या गाठीचा तुकडा इथे आणवला. राखणदार धडधाकट होता, कारकूनच जागेवर नव्हता. ती हसली... मला तिचा रागच आला. "मी गेले की या पेशींना सहप्रेरक देऊन बघ," ती म्हणाली. "जमलं तर फ्लास्क रिकामा होईल. रडत बसू नकोस."

चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला इंदुरीला गेले. तिच्या अम्मीने मला आतल्या खोलीत नेलं.

"तितं तिचं कायतरी जित्तं हाय म्हनं. खरं हाय का?"

"हो, अम्मी."

"मंजी आमी माती अर्धीच दिली..." त्यांनी माझा हात धरला. "मोकळी कर तिला, बाय. लय दमलेली हाय ती."

दुसऱ्याच दिवशी प्रयोग लावला. तिच्या पेशींचे दोन फ्लास्क. एकात सहप्रेरक, दुसऱ्यात काहीच नाही. तुलनेला तो लागतोच, नाहीतर पहिल्याचा निकाल कोण मानणार? तिसऱ्या दिवशी पहिल्यातल्या पेशी तळ सोडून तरंगायला लागल्या, मेलेल्या. रेहानाचं म्हणणं खरं ठरलं, आणि तिचं न ऐकता मी रडले. मग अम्मींना फोन केला.

"झालं, अम्मी. सुटली."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या फ्लास्कबद्दल मी बोलले नाही. प्रयोग संपला, त्याचं काम संपलं, पण तो अजून आहे आणि वाढतो आहे. सहप्रेरकाची कुपी फ्रीझरमध्ये तयार आहे, माझाच हात पुढे होत नाही. एका आईशी मी खोटं बोलले, आणि तिची लेक इथे कोंडून ठेवली आहे... याची मला लाज वाटते.

आज सकाळी पोषणद्रव बदलायला गेले. इनक्युबेटरच्या दारावर दोनदा टकटक केली, आणि उघडण्याआधी थोडा वेळ थांबले.