वीसपैकी सात

रंगखान्यातल्या मास्तरांचं शिक्षण सातवीपर्यंतच झालं होतं. पण कापड रंगवायच्या कारखान्यात ज्याच्या डोळ्यावर माल पास होतो, त्याला मास्तरच म्हणतात. एकोणतीस वर्षं हे चाललं होतं. रंगाच्या टाकीतून निघालेल्या कापडाची चिंधी कापायची, पिळायची, इस्त्रीखाली वाळवायची, कारण ओल्या कापडाचा रंग खोटं बोलतो, आणि मग उत्तरेच्या खिडकीशी जाऊन ती गिऱ्हाइकाच्या नमुन्याला लावून बघायची. "पिवळा चिमूटभर कमी आहे," मास्तर म्हणायचे. चिमूट म्हणजे नेमकी किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते सांगत तेवढा टाकला की रंग बसायचा. मग पासच्या कागदावर त्यांची सही व्हायची. त्या सहीशिवाय एकही तागा दाराबाहेर जात नसे. बायको म्हणायची, "मुलीच्या प्रगतिपुस्तकावर कधी एवढ्या ऐटीत सही केली नाहीत!"

चिमणी त्यांच्याच हाताखाली शिकली. नोकरीला लागली तेव्हा अंगानं एवढीशी होती, आणि तोंडानं दिवसभर चिवचिव, म्हणून हे नाव पडलं. चार वर्षं खिडकीशी मास्तरांच्या शेजारी उभी राहिली, पुढे शिकायला बाहेर गेली, आणि परत आली ती प्रशिक्षक होऊन. कारखान्यानं रंग मोजणारं यंत्र घेतलं होतं, आणि चाळिशीच्या पुढच्या कामगारांना ते शिकवायचं होतं. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. मास्तर मात्र "चिमणे" म्हणूनच हाक मारत, आणि तीही त्यांना पहिल्यासारखं "मामा"च म्हणे.

जेवणाच्या खोलीतली टेबलं सरकवून वर्ग मांडला होता. पहिल्या दिवशी शिकवण्याआधी एक परीक्षा आणि शेवटच्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा, असं ठरलं होतं. मधल्या फरकावरून साहेब ठरवणार होते, की प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही. कागदावर कापडाच्या तुकड्यांच्या वीस जोड्या चिकटवलेल्या. रंग जुळतो का, नसेल तर काय कमी पडलं, एवढंच लिहायचं.

कागद वाटण्याआधी चिमणीनं दार लोटून घेतलं.

"एक विनंती आहे. आज थोडं चुका. आजच सगळं बरोबर आलं, तर शिकवून काय फरक पडला म्हणून दाखवू? वर्ग बंद होईल आणि माझं कंत्राटही संपेल. नावं कुठे जाणार नाहीत. नुसते आकडे जातील."

"मला मुद्दाम चुकायची गरज नाही," बॉयलरवाला म्हणाला, "माझं आपोआपच होतं." सगळे हसले.

मास्तर हसले नाहीत. त्यांच्यापुढचा कागद एका नजरेत वाचून झाला होता. तिसऱ्या जोडीत निळा कमी होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. तिथे 'जुळतो' लिहिताना पेन पुढे सरकेना. त्यांनी चिमणीकडे पाहिलं. तिनं लेकीनं बापाला विनवावं तसे हात जोडले. मग त्यांनी लिहिलं. तेरा ठिकाणी खोटं लिहिलं. उरलेल्या सात ठिकाणी ते काही केल्या लिहवेना, तिथे खरंच लिहिलं.

पुढचे सहा आठवडे मात्र मजेत गेले. छप्पन्नाव्या वर्षी नवी वही घेऊन मास्तर पहिल्या बाकावर बसत. यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला की खूश होत. "म्हणजे माझी चिमूट शून्य दशांश चार होती म्हणायची!" शेवटच्या परीक्षेत त्यांचे वीसपैकी वीस आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी नोकरीत कायम झाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी मास्तरांनी पाहिलं, आणि आपण लिहिलेलं खोटं सत्कारणी लागलं, असं त्यांना वाटलं.

तीन महिन्यांनी साहेबांनी खोलीत बोलावलं. चिमणी तिथेच बसली होती. टेबलावर एक छापील अहवाल होता, आणि त्याच्या चौथ्या पानावर मास्तरांचा फोटो. खाली लिहिलं होतं: एकोणतीस वर्षांचा अनुभव, प्रशिक्षणापूर्वी वीसपैकी सात, प्रशिक्षणानंतर वीस.

"मास्तर, मी तर हादरलोच," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं आपला माल पस्तीस टक्क्यांच्या भरवशावर जात होता! आता डोळ्यानं पास करणं बंद. यंत्र कुणीही चालवेल, सही मॅडम करतील. तुम्ही गोदाम सांभाळा. हा पहिला पेपर तुमचाच ना?"

"अक्षर माझंच आहे." मास्तर थांबले. आता ती सांगेल. तिनं तोंड उघडलं की झालं. पण चिमणी अहवालाची पानं सारखी करत राहिली.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही सर. पेपर माझ्यासमोरच सोडवला होता."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. खरं सांगितलं तर हिची नोकरी जाईल, हा विचार तेव्हाही मास्तरांच्या मनात आलाच, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग आला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, आत्ता वीस तुकडे मागवा. यंत्र नको. खिडकीशी उभा राहून सांगतो."

साहेब मोकळेपणानं हसले. "आता सांगालच हो! आता शिकलात ना तुम्ही!"

आता कितीही बरोबर सांगितलं, तरी त्याचं श्रेय वर्गालाच जाणार होतं.

घरी त्यांनी आठ दिवस काही सांगितलं नाही. 'कापडाचा रंग ओळखता आला, माणसाचा नाही,' हे वाक्य बायकोच्या जिभेवर येणार, याची त्यांना खात्री होती. नवव्या दिवशी सांगितलं, तर ती तसलं काही बोललीच नाही. नुसतं विचारलं, "तिनं तुमचाच कागद का निवडला हो?"

"सगळ्यांत जास्त फरक माझ्यात होता." मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "बाकीच्यांना एवढं चुकता आलं नाही."

गोदामात रंगाचे डबे, पावत्या आणि एक मिणमिणता दिवा. खिडकी नव्हती. दुसऱ्या आठवड्यात चिमणी तिथे आली. बराच वेळ डब्यांवरची नावं वाचत उभी राहिली.

"मामा, रागावलात? मला वाटलं नव्हतं हो असं होईल. फोटो साहेबांनीच मागितला. आणि तिथे मी बोलले असते, तर दोघंही गेलो असतो. तुमची निवृत्ती तरी जवळ आलीय..."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्टुलावरून उठून उभे राहिले. साहेब आले की ते असेच उभे राहत.

"काय माल हवाय तुम्हाला, मॅडम?"

चिमणी खालच्या आवाजात म्हणाली, "निळा. दोन डबे."

त्यांनी दोन डबे काढून दिले.