पुतळ्याच्या पोटात गेलेले शब्द

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. डिलाईल रोडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका एका जागी न टिकणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण शेवटी शेवटी त्यांना पळवलं ते मी, म्हणून आता लिहून टाकतो.

काका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून आणि शब्दांचे नादी. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर एक इंग्रजी शब्द, खाली त्याचा उर्दू अर्थ. असे बारा वर्षांचे पुठ्ठे त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपले होते. तीन माणसांकडून पटवून घेतल्याशिवाय ते अर्थ लिहीत नसत. 'इर्रॅशनॅलिटी'ने तर त्यांना महिनाभर पिदवलं. एकदा भरल्या ताटावरून उठून ते साचेखात्यातल्या विणकर चाचांना गाठायला थेट मदनपुऱ्याला सुटले. काकू गॅलरीतून ओरडल्या, "अहो, निदान हात तरी धुवा!" परतले ते उजळून. मला म्हणाले, "इंग्रजीत नुसतं बुद्धीला न पटणारं. उर्दूत नामाकूलियत! त्यात दटावणी आहे, बघ. इंग्रज निदान करून थांबतो, उर्दूवाला कान पिळतो."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीतल्या पोरांचा मी पुढारी. नाक्यावर सरकारचा पुतळा जाळायचा होता, पोलीस कधीही येतील अशी घाई, आणि पुतळ्याच्या पोटाला पेंढा पुरेना. काका पाळीवर होते. खोलीत जागा नाही म्हणून जिन्याखाली ठेवलेला त्यांचा डबा दिसला. आमच्यातला बाळू म्हणाला, "रद्दी न्हय ती, काकांचे पुठ्ठे आसत."

"इंग्रजी नि उर्दू! मराठी राज्याला काय करायचंय त्याचं? घाल आत," मी म्हणालो. पुतळा झकास पेटला.

काका आले तेव्हा डबा रिकामा. माझ्या तोंडून निघून गेलं, "झडती झाली, काका. पोलिसांनी नेले." एका शब्दासाठी तीन साक्षी मागणाऱ्या त्या माणसाने माझ्या एकट्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की काका चौकीत. "माझे शब्द परत द्या."

"कसले शब्द? कुणी शिव्या दिल्या काय तुम्हाला?" हवालदार विचारी. सगळी चौकी हसे, आणि काका उद्या येतो म्हणून निघत. एकदा जमावबंदीत त्यांना दिवसभर आत बसवलं. काकूंनी जेवणाचा डबा देऊन मलाच धाडलं. गजांमागून म्हणाले, "तुला उगीच हेलपाटा रे."

चाचा सगळे अर्थ नव्याने सांगायला तयार होते. काका म्हणत, "आधी गेलेले येऊ देत." पुठ्ठा काही त्यांनी पुन्हा हाती धरला नाही.

काही वर्षांनी ते परळच्या इस्पितळात असल्याचं कळलं. वाटभर मी वाक्य घोकत गेलो, वॉर्डाच्या दारातून दोनदा मागे फिरलो. खाटेवर बसवेना, उभंही राहवेना. काकांनी माझं मनगट धरलं. "बरा आलास. चौकीत नवा साहेब आलाय म्हणे. बोलून बघशील?"

"बघतो, काका," मी म्हणालो.

काका, ते मी जाळले. एवढंच म्हणायचं होतं.